करडे सर आणि ‘नाही’चा रकाना

करडे सरांची आणि माझी ओळख एका शून्यावरून झाली, आणि ओळख कसली, सरळसरळ पाणउतारा होता तो. नोकरीला लागून मला सहा दिवस झाले होते. शहरातल्या आरोग्याच्या एका मोठ्या सर्व्हेचं आमचं ऑफिस. काम सांगायला सोपं. चिठ्ठ्या टाकून निघालेल्या घरांत जायचं, माणसांचं ब्लडप्रेशर, वजन, कंबर मोजायची आणि एक लांबलचक फॉर्म भरायचा. मीठ किती, तेल कोणतं, चूल की गॅस, विडी-तंबाखू, दारू, चालणं, झोप. काही वर्षांनी परत त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि मधल्या काळात कोणाला काय झालं ते लिहून आणायचं. या सगळ्यातून शेवटी आजारांची वाटणी निघते. शहरात जेवढ्या लोकांना पॅरालिसिस झाला, त्यात मिठाचा वाटा किती, तंबाखूचा किती, धुराचा किती. या सगळ्या घरभेटींचे प्रमुख करडे सर.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. माझे येरवड्याचे फॉर्म त्यांच्यासमोर ओळीने मांडलेले होते. तेव्हा आमच्याकडे तबकडीची यंत्रं होती. काटा दोन रेघांच्या मधे थरथरत असायचा, मग मी आपला जवळचा गोल आकडा लिहून मोकळी व्हायचे. सरांनी एकेका फॉर्मवर बोट ठेवत वाचलं. एकशे वीस-ऐंशी. एकशे तीस-ऐंशी. परत एकशे वीस-ऐंशी. मग मान वर करून अगदी हळू आवाजात म्हणाले, “अहो शेवाळेबाई, येरवड्यात सगळ्यांचं रक्त दहाच्या पाढ्यात वाहतं का?”

आजूबाजूचे हसले. मी चोवीस वर्षांची, आणि हा माणूस मला ‘बाई’ म्हणून हाक मारतो, याचाच मला आधी राग आला होता. त्यात त्यांनी मला ते सगळे फॉर्म घेऊन परत त्याच घरांत पाठवलं. भर उन्हाळ्याची दुपार. बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण गेले, आणि या वेळी प्रत्येकाला पाच मिनिटं गप्प बसवून तीन-तीनदा मोजलं. एका रिक्षावाल्याचं मी एकशे तीस लिहिलं होतं. ते एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. मी घाबरून त्याला दवाखान्यात जायला सांगितलं, तर म्हणाला, ताई, आज भाडी चांगली आहेत, उद्या बघू. पुढच्या फेरीत त्या घरी मला त्याच्या बायकोसमोर बसून दुसरा फॉर्म भरावा लागला. आमच्याकडे एक मृत्यूचा फॉर्म असतो. घरातलं माणूस गेलं की तो भरतात.

सर अंगाने काटकुळे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून बोलताना उजवा कान पुढे करायचे आणि त्यामुळे सतत कशावर तरी शंका घेतल्यासारखे दिसायचे. मोजमापाच्या वेळी ते हजर असले की मशीनचं काम संपता संपता त्यांचा एकच शब्द यायचा, “किती?” माणूस ओळखीचा असो, अनोळखी असो. ऑफिसच्या शिपायाची मुलगी बाळंत झाली तेव्हा सगळ्यांनी मुलगा की मुलगी विचारलं. सरांनी वजन विचारलं.

पाच मिनिटांच्या बाबतीत तर ते कर्मठच होते. ब्लडप्रेशर घेण्याआधी माणसाने पाच मिनिटं काही न बोलता बसायचं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर. मग तीनदा मोजायचं आणि पहिला आकडा हिशेबात धरायचा नाही, कारण पहिल्या वेळी माणूस यंत्राला घाबरलेला असतो. आमच्यातली एक मुलगी ही पाच मिनिटं दोन मिनिटांत उरकायची. सर एकदा तिच्या मागोमाग त्या घरात गेले आणि स्वतःचं घड्याळ काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. ती पाच मिनिटं मला आयुष्यात सगळ्यात लांब वाटली, असं ती अजून सांगते.

उपदेश मात्र त्यांनी कधी केला नाही. चहात दोन चमचे साखर घ्यायचे. कोणी चिडवलं तर म्हणायचे, मी मोजणारा आहे, सुधारणारा नाही. आणि कोणी गेलं की समाचाराला हा माणूस अगदी निरुपयोगी. आमच्या अकाउंटच्या बाईंचे मिस्टर अचानक गेले. विडी ओढायचे, डायबेटिस होता, वरून कंपनीतली रात्रपाळी. बाईंनी रडत रडत सरांना विचारलं, तुम्ही तर हेच काम करता, सांगा ना, कशाने गेले हे? दुसऱ्या कोणी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. सर म्हणाले, माहीत नाही. बाईंनी परत विचारलं. सर परत म्हणाले, सांगता येत नाही. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की बाहेर आल्यावर मी विचारलंच, एवढं आयुष्य यात घालवलंत, एक उत्तर देता येऊ नये?

त्याचं उत्तर त्यांनी पुढच्या ट्रेनिंगमध्ये दिलं. नव्या मुलामुलींसमोर त्यांनी चिवड्याचा मोठा डबा ठेवला. विचारलं, यात खोबरं किती आहे ते सांगता येईल का? कोणी तरी म्हणालं, येईल, निवडून वजन करायचं. बरोबर, सर म्हणाले. मग त्यांनी एका मुलाच्या हातावर एक मूठ चिवडा ठेवला, मूठ मिटायला लावली आणि विचारलं, आता या मुठीत खोबऱ्याचा काप आहे की नाही, न उघडता सांगा. मुलगा हसला. सर म्हणाले, आपलं काम डब्याचं आहे. लोक विचारतात मुठीचं. त्यांना खोटं सांगायचं नाही. मग चिवडा सगळ्यांना वाटला. मी माझ्या वाट्याचा खाल्ला, पण अकाउंटच्या बाईंना हे ऐकून काय बरं वाटणार होतं, ते मला कळलं नाही.

सर मूळचे कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. वडील तांब्याचे हंडे-घंगाळी ठोकायचे. आळीत दिवसभर ठोक्यांचा आवाज. नव्या लोकांची एक तुकडी ते दरवर्षी तिथे पायी घेऊन जायचे, आणि का ते आधी सांगायचे नाहीत. आता दुकानं थोडी उरलीत, पण जी आहेत तिथे म्हातारे कारागीर एकमेकांशी ओरडून बोलतात. सर त्यांच्यापुढे उभे राहून आम्हाला सांगायचे, की त्यांच्या लहानपणी आळीत सगळेच पुरुष ओरडून बोलायचे. वडील, काका, शेजारी. त्यांना वाटायचं मोठी माणसं अशीच बोलतात. शाळेत गेल्यावर मास्तर हळू बोलले तेव्हा सरांना वाटलं, मास्तर आजारी आहेत. बहिरेपण हा रोग आहे आणि तो हातोड्यातून येतो, हे आळीत कोणी कधी म्हटलं नाही, कारण तो नसलेला माणूसच आळीत नव्हता. हे सांगून झालं की ते स्वतःचा डावा कान दाखवायचे आणि म्हणायचे, जे सगळ्यांकडे असतं ते आधी मोजा, कारण ते कोणी सांगणार नाही. मी ही गोष्ट पाच-सहा वेळा ऐकली. शेवटी शेवटी मी मागे रेंगाळून चहा पिऊन घ्यायचे. आज वाटतं, माझ्यापेक्षा त्यांनीच ती नीट ऐकायला हवी होती.

कारण तो फॉर्म सरांचा होता. परदेशात तयार होऊन इंग्रजीत दिल्लीमार्गे आला, पण त्याचं मराठी सरांनी केलं, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान. मिठाच्या प्रश्नाखाली त्यांनी पापड, लोणचं, सांडगे, खारे शेंगदाणे घातले. दारूच्या खाली हातभट्टी घातली. तंबाखूचा प्रश्न तर ते बोट ठेवून दाखवायचे. तुम्ही कोणत्याही प्रकारे तंबाखूचे सेवन करता का? आणि खाली यादी, विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, गुटखा, पानातून. म्हणायचे, परदेशातल्या माणसाला चुना कुठून माहीत असणार? त्यांनी स्वतः टाइप करून एक नियम भिंतीवर चिकटवला होता, की दोन फेऱ्यांमध्ये प्रश्नाचा एक शब्दही बदलायचा नाही. बदलला की आधीच्या उत्तरांशी तुलना संपली. आणि तपासून जमा झालेला फॉर्म परत उघडायचा नाही.

पहिल्या फेरीत कात्रजची सरांचीच सोसायटी चिठ्ठीत निघाली. स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, म्हणून मला पाठवलं. डेअरीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. काकू सासवडकडच्या, ठेंगण्या, बोलक्या, सरांच्या अगदी उलट. त्यांनी आधी मला पोहे खायला घातले, मग माझं लग्न जमवायला घेतलं, आणि मधे मधे माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मिठावर खरं बोलल्या, चालण्यावर थोडं वाढवून बोलल्या. तंबाखूचा प्रश्न मी वाचला तसा त्यांनी पदर तोंडावर घेऊन हसू दाबलं. “छे गं बाई. आमच्यात नाही कोणी.” मी ‘नाही’वर खूण केली. आतल्या खोलीत सर पेपर वाचत होते. काकूंच्या दातांच्या कडा काळपट होत्या, हिरड्याही. माझ्या आईचे दात तसेच आहेत, त्यामुळे मला ते दातच वाटले.

आम्ही धनकवडीचे जुने. शेती गेली, बिल्डिंगी आल्या, पण आईचं उठल्या उठल्या मिश्री लावणं काही गेलं नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, आणि ती पूड बोटाने दाताहिरड्यांवर घासत बसायचं. आमच्याकडच्या निम्म्या बाया हेच करतात. ते दात घासणं. त्याला तंबाखू खाणं कोणी म्हणत नाही, जसं केस विंचरण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. मी शेकडो बायकांना तो प्रश्न विचारला आणि माझ्या स्वतःच्या आईचा फॉर्म असता तर त्यावरही ‘नाही’च लिहिलं असतं. हे मी आज शरमेने लिहिते आहे.

फेऱ्या झाल्या, आकडे गेले, रिपोर्ट आला. पुरुषांत तंबाखूचा वाटा मोठा, बायकांत अगदी किरकोळ. तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या बायका ‘तंबाखू नाही’च्या रकान्यात, म्हणून त्यांचं कारण ‘इतर’ या गाठोड्यात पडलं. आणि या आकड्यांवरच ठरतं की पैसा कुठे जायचा. तोंड तपासायची शिबिरं लागली ती कारखान्यांच्या दारांशी आणि रिक्षा स्टँडवर. बायकांसाठी कुठेच नाही. आम्ही ऑफिसात पेढे वाटले.

त्यानंतर वर्षभराने काकूंच्या हिरडीला आतून फोड आला. तो बरा होईना, तेव्हा सर त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच मला सगळं सांगितलं. तरुण डॉक्टरने विचारलं, तंबाखू? काकू म्हणाल्या, नाही. सरही म्हणाले, आमच्या घरात तंबाखू नाही. डॉक्टरने बॅटरीने तोंडात पाहिलं आणि मग विचारलं, मावशी, मिश्री लावता का? तशा काकू म्हणाल्या, “ती लावते की. लग्नाआधीपासून. रोज.”

इतकं सांगून सरांनी उजवा कान पुढे केला आणि मला विचारलं, “शेवाळेबाई, तुमच्या आई काय लावतात?”

मी म्हटलं, मिश्री. आम्ही दोघंही फॉर्मच्या कपाटांकडे बघत राहिलो. येरवडा, कसबा, कात्रज, धनकवडी, सगळ्या बायका त्या कपाटांत ‘नाही’ म्हणून बसल्या होत्या.

“मी आतून ऐकत होतो,” सर म्हणाले. “ती नाही म्हणाली ते मला ऐकू आलं होतं. मला ते बरोबर वाटलं. दर महिन्याला घरात पान भाजल्याचा ठसका उठायचा. मी उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडायचो आणि परत येऊन पेपर वाचायचो. मी, तांबट आळीतला माणूस.”

त्यानंतर त्यांना मी कधी बेफिकीर बसलेलं पाहिलं नाही. ते आमच्या डायरेक्टर मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सरांची मागणी एकच, की बायकांच्या घरी परत जाऊ द्या, हा एकच प्रश्न मिश्रीचं नाव घेऊन विचारू द्या आणि रिपोर्ट दुरुस्त करा. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट वर गेला आहे. सर म्हणाले, मग पुढच्या फेरीत तरी प्रश्न बदला. मॅडमनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, करडे, हा नियम तुमचाच आहे ना? प्रश्न बदलला तर आधीच्या फेऱ्यांशी तुलना कशी करणार? सरांनी तो कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, बरोबर आहे. भांडता आलं असतं, पण नियम चुकीचा नव्हता आणि ते त्यांना माहीत होतं. मला वाटलं होतं निदान तो कागद तरी ते फाडतील. तोही नाही फाडला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल दिली, भाषणं झाली, सर बोलायला उभे राहिले आणि सगळ्यांना धन्यवाद म्हणून बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालायला सुरुवात केली. घरांच्या जुन्या याद्या त्यांच्या डोक्यात होत्या. परीक्षेला नेतात तसलं पॅड, त्यावर हाताने आखलेले कागद, आणि एकच प्रश्न. सकाळी काकूंना कॅन्सरचा लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यायला हॉस्पिटलात घेऊन जायचे, त्यांना घरी सोडून, भात खाऊन दुपारी एखादी वस्ती गाठायचे. मी काही रविवारी त्यांच्याबरोबर गेले. येरवड्याच्या एका गल्लीत एक म्हातारी दारातच मिश्रीची डबी घेऊन बसली होती. सरांनी विचारलं तर म्हणाली, व्हय, लावते की. सर म्हणाले, मग त्या वेळी नाही का म्हणालात? म्हातारी चकित होऊन म्हणाली, “तुमी तंबाखूचं इचारलं हुतं. मिश्रीचं कोन बोललं?”

सरांनी तिला सांगितलं की यातूनही तोंडाचा रोग होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाला उपदेश करताना पाहिलं, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. म्हातारी हसली. लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, आता या वयात सोडून काय करू, म्हणाली, आणि चहाला थांबा म्हणाली. असंच बहुतेक घरांत झालं. काही घरांना कुलपं होती, काही वस्त्या उठून लांबच्या बिल्डिंगीत गेल्या होत्या, आणि बऱ्याच घरांत ती बाई उरलीच नव्हती. तिथे सर सुनेला विचारायचे, सासूबाई मिश्री लावायच्या का, आणि कशाने गेल्या. उत्तर लिहून घेताना त्यांचं पेन कागदावर फार दाबून चालायचं.

तो गठ्ठा त्यांनी ऑफिसात आणून दिला. आवक-जावकच्या टेबलावर त्याच्यावर शिक्का बसला. पुढे काही झालं नाही. मंजुरीशिवाय गोळा केलेली माहिती घेता येत नाही, हे पत्रही नियमाला धरूनच होतं. गठ्ठा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे. मला कप्पा माहीत आहे, कारण तोवर सरांच्या जागेवर मी आले होते आणि तो तिथे मीच ठेवला. पुढची फेरी जुन्याच प्रश्नाने झाली. मी ती करून घेतली. मुलींना चोरून सांगितलं, मिश्रीचंही विचारा, तर एकीने मला विचारलं, मॅडम, विचारू, पण उत्तर कुठे लिहू? फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

काकू गेल्या ते मला आठवड्याने कळलं. त्यांचं घर नमुन्यात असल्यामुळे नियमाप्रमाणे काही आठवड्यांनी मृत्यूचा फॉर्म भरायला कोणीतरी जायचं होतं. दुसऱ्या कोणाला पाठवणं मला जमेना. संध्याकाळी पाचला मी तिसऱ्या मजल्यावर पोचले. सरांनी दार उघडलं, शर्टाची मनगटाची बटणं लावलेली. त्यांनी चहा केला, मला दिला, आणि मग खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, विचारा.

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. आजार केव्हा दिसला, गिळायला केव्हापासून त्रास, शेवटचे दिवस कुठे. मी ज्यांच्याकडून हा फॉर्म शिकले त्यांच्याचसमोर तो वाचत होते. एके ठिकाणी माझा प्रश्न चुकला तर त्यांनी दुरुस्त केला. मग फॉर्ममध्ये नसलेली एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. शेवटच्या दोन महिन्यांत काकूंना काही खाता येत नव्हतं, औषधही जात नव्हतं. फक्त सकाळी मिश्री मागायच्या. हिरडी राहिली नव्हती, तरी बोट टेकवायच्या. “मीच आणून दिली,” सर म्हणाले. “मंडईतून पान आणलं, मीच तव्यावर भाजलं. ठसका लागला तेव्हा खिडकी उघडली.” मी चहाचा कप हातात धरून बसले. मोरीच्या फळीवर काकूंची मिश्रीची पितळी डबी अजून होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती.

फॉर्म आता कागदावर नाही, टॅबवर भरतात, आणि त्याच्या शेवटी माणसाच्या सवयींचा गोषवारा येतो. तो परत विचारत नाहीत, आधीच्या फॉर्ममधून आपोआप येतो. त्यात लिहिलेलं होतं, तंबाखू, नाही. त्याखाली भरणाऱ्याचं नाव माझं.

मी म्हटलं, “सर, मला आता दुरुस्तीचा अधिकार आहे. काकूंचा फॉर्म उघडता येतो.”

त्यांनी उजवा कान पुढे केला. मी परत, मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, “बाकीच्या बायकांचे उघडणार?”

“ते नाही उघडता येत. एकेका फॉर्मला कारण द्यावं लागतं, भरणाऱ्याची चूक म्हणून. ही माझीच चूक आहे, सर. मी तसं लिहून देते.”

“मग राहू द्या,” सर म्हणाले. “एकीचाच बदललात तर तो आकडा नाही, शेवाळेबाई. तो वशिला झाला.”

मला रडू फुटलं. त्यांचा राग आला, माझा आला, त्या भिंतीवरच्या कागदाचा आला. त्यांनी टॅब स्वतःकडे ओढला, काकूंच्या नावापुढचं ‘नाही’ एकदा वाचलं आणि खाली बोटाने सही केली. मग विचारलं, तुमच्या आईंचं तोंड दाखवून आणलंत का? मी म्हटलं, नाही म्हणते ती, मला काय झालंय म्हणते. सरांनी मान हलवली.

घरात जे माणूस उरलेलं असतं त्याचंही मोजायचं असतं. सरांनी न सांगता बटण काढलं, बाही वर केली, पाय जमिनीवर टेकवले, पाठ टेकवली, हात टेबलावर ठेवला. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बसलो. खाली डेअरीची गाडी मागे घेतानाचा आवाज येत होता. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. सर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

मग मी पट्टा बांधला. मशीन फुगलं, उतरलं, वाजलं. मी आकडा लिहिला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने थांबले. सरांचं ‘किती?’ आलं नाही. नियमाने अजून दोनदा मोजायचं होतं, पण त्यांनी पट्टा स्वतःच सोडला, गुंडाळून माझ्यापुढे ठेवला, बाही खाली केली आणि बटण लावलं.

मी निघाले तेव्हा ते त्याच खुर्चीवर, पाठ टेकून, तसेच बसलेले होते. त्यांच्या फॉर्ममध्ये जो आकडा धरायचा नसतो तो एकटाच आहे, पुढचे दोन रकाने मी रिकामे ठेवले. ते का रिकामे आहेत, असं विचारणारा ऑफिसात आता कोणी नाही.